मंत्रिमहोदय, दीडपट म्हणजे नक्की किती पट?

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: ९५० रुपयांचे तिकीट दोन तासांत २,२०० रुपयांचे झाल्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. ते जमेलसं वाटत नाही.

मी पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. आम्ही सहा जण, तीन मुली आणि तीन मुलगे, शुक्रवारची सुट्टी जोडून मालवणला गेलो होतो. माणशी अडीच हजार, एकूण १५,०००. खजिनदार मी. माझ्या वहीत सगळं लिहिलेलं आहे, हवं तर पाठवते. जाताना एसटी. पुणे ते मालवण पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. सहा किलोमीटरचा एक टप्पा, साध्या गाडीला टप्प्याला साधारण १० रुपये. म्हणजे सुमारे ६४० रुपये पूर्ण तिकीट आणि आम्हा तिघी मुलींना अर्ध्या तिकिटाने ३२०. सहा जणांचे २,८८०. येताना रविवारी एसटीचं आरक्षण भरलेलं होतं आणि सोमवारी सकाळी दहाला आमची व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. म्हणून महिनाभर आधी एका खासगी ट्रॅव्हल्सची सहा तिकिटं काढली, प्रत्येकी ९५० ला. ५,७०० गेले. राहायला एका घरात एक खोली आणि पडवी, दोन रात्रींचे ३,०००. उरले ३,४२०. तीन दिवस, सहा तोंडं. माणशी दिवसाला १९० रुपये, त्यातच सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीचं भाडं, त्यातच चहा.

आम्ही ते निभावलं. सहा जणांत दोन सुरमई थाळ्या घेतल्या आणि बाकी भातावर रस्सा मागून मागून वाढप्याला जेरीस आणलं. लोक स्कुबा करायला जात होते, आम्ही किनाऱ्यावर बसून त्यांना जाताना बघत होतो. मजा आली, खोटं कशाला बोलू. हे सांगते आहे ते कीव यावी म्हणून नाही, पैसे उधळून मग रडत बसणारी ही पोरं नव्हेत एवढंच कळावं म्हणून.

रविवारी संध्याकाळी साडेपाचला फोन. ‘ताई, गाडी ब्रेकडाऊन झालीय. ट्रिप कॅन्सल. पैसे सात दिवसांत परत येतील.’ मी विचारलं, मग आम्ही जायचं कसं? ‘दुसरी गाडी आहे ना. २,२०० पर सीट. लगेच सांगा, चारच शिल्लक आहेत.’

तरीही आम्ही साडेसातला त्या थांब्यावर गेलो. गाडी उभी होती. सकाळी आलेल्या मेसेजमध्ये गाडीचा जो नंबर होता, तोच नंबर. ब्रेकडाऊन झालेली गाडी एसी लावून घुंघुं करत उभी आणि आत लोक पडदे सारून झोपायच्या तयारीत! आमच्यातल्या एकाने क्लीनरला नंबर दाखवला. तो म्हणाला, ‘दुरुस्त झाली.’ दोन तासांत गाडी दुरुस्त झाली, फक्त आमची तिकिटं दुरुस्त होऊ शकली नाहीत. सहा जणांचे १३,२०० मागत होते. आमची अख्खी सहल १५,००० ची.

आता कायद्याचं बोलू. २७ एप्रिल २०१८ चा शासन निर्णय आपल्याच विभागाचा आहे. खासगी कंत्राटी बसला त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. मी गाडीत बसल्या बसल्या हिशेब केला (कोणत्या गाडीत, ते पुढे येतंय). साध्या गाडीचे ६४० धरले तर दीडपट ९६०. पण त्यांची गाडी एसी होती हे मान्य, म्हणून एसटीच्या एसी शिवशाहीशी तुलना करू. टप्प्याला साधारण १४ रुपये, म्हणजे नऊशेच्या आत-बाहेर. दीडपट १,३५०. मी वाणिज्य शाखेची नाही, शे-पन्नास इकडेतिकडे होतील. स्लीपर म्हणून आणखी दोनशे घाला. तीनशे घाला, माझी हरकत नाही. तरी २,२०० कुठून येतात ते आपण, म्हणजे तुम्ही, मला फळ्यावर मांडून दाखवा.

दर दिवाळीत, दर गणपतीत तुमच्या खात्याकडून एक बातमी येते. जादा भाडं घेणाऱ्यांवर कठोर कारवाई, प्रवाशांनी तक्रार करावी, हा नंबर. दिवाळीच्या फराळाइतकी ठरलेली बातमी. मी आज्ञाधारक नागरिक, तक्रार केली. तिकीट, मेसेज, गाडीचा फोटो, २,२०० चा स्क्रीनशॉट, सगळं एका हेल्पलाइनवर पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर, ‘संबंधित कार्यालयाकडे पाठवले आहे.’ पाचव्या दिवशी संबंधित कार्यालयातून एका साहेबांचा फोन. आवाज सभ्य होता. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही २,२०० भरले का?’ नाही. ‘मग तुमच्याकडून जादा भाडं घेतलंच कुठे?’ पण माझं ९५० चं तिकीट रद्द केलं ना! ‘तो रिफंडचा विषय. तो आमच्याकडे येत नाही.’

म्हणजे लुटून घेतलं तरच लूट. नकार देऊन रस्त्यावर उभे राहिलात तर तुमच्या बाबतीत काही घडलेलंच नाही. वा!

त्या रात्रीचं सांगते. आम्ही भांडण्यात वेळ घालवला ही आमची चूक. मालवणहून कणकवलीला पोचलो तेव्हा कोल्हापूरकडे जाणारी शेवटची गाडी निघून गेलेली. रात्र स्थानकावरच्या बाकांवर काढली. दोघं झोपायचे, चौघं जागायचे, शिवाय एक कुत्रा, जो कोणाच्याच हिशेबात नव्हता आणि ज्याने आमची बिस्किटं खाल्ली. पहाटेची लाल गाडी मिळाली. कंडक्टर मामांनी आमची तोंडं बघून इंजिनाजवळची जागा दिली आणि विचारलं, ‘परीक्षा का?’ हिशेब तिथेच मांडला. कोल्हापूरला गाडी बदलून पुण्यात दुपारी दोनला पोचलो. व्हायव्हा दहाला होती. सर म्हणाले, ‘फिरायला वेळ असतो तुम्हाला.’

हे वाक्य फक्त सरांचं नाही, म्हणून मला ते डाचतंय. तुमच्या सवलतींचा तक्ता काढून बघा. पंचाहत्तरीच्या आजोबांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. छान. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. त्यावर तर मी घरी आले. माझी बहीण अकरावीत आहे, तिचा पास फुकट. विद्यार्थ्याला मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत, पण घर ते कॉलेज, कॉलेज ते घर. शाळेने सहल काढली तर गाडी अर्ध्या भाड्यात. आणि वीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या तीन दोस्तांबरोबर स्वतःच्या राज्यातला किल्ला बघायला निघाला की तो विद्यार्थी राहत नाही, तो चंगळ करणारा होतो. त्याला पूर्ण तिकीट. तेही २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्क्यांनी वाढलेलं. पंधराला पाच पैसे कमी! चपलेच्या दुकानातलं ९९९ आठवलं.

आणि दुसरीकडे अभिनंदनाचे फलक. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यातले ११ महाराष्ट्रात. सिंधुदुर्ग त्यातलाच. अभिमान आहेच, होडीत बसून तटबंदी जवळ येताना माझ्या अंगावर काटा आला. पण तो किल्ला बघायचा कुणी? २,२०० वाल्यांनी? मालवणच्याच राजकोट किल्ल्यावरही गेलो. तिथला शिवाजी महाराजांचा आधीचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, म्हणजे दोन सेमिस्टरही टिकला नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं तेव्हा मी पहिलीत होते. माझी पदवी आधी पूर्ण होणार अशी पैज लागली आहे. हे तुमचं खातं नाही, माहीत आहे. शिष्यवृत्तीचा गेल्या वर्षीचा हप्ता आला नाही, तेही तुमचं खातं नाही. रिफंड तुमच्याकडे येत नाही. आमच्या वाट्याला येणारी प्रत्येक गोष्ट नेमकी शेजारच्या टेबलावर असते.

मागायचं होतं ते इतकंच. तिकीट रद्द करून तीच गाडी जास्त भावाने विकणं हा जादा भाड्याचाच प्रकार धरा. प्रत्येक थांब्यावर त्या मार्गाचं कमाल भाडं मोठ्या आकड्यांत लावा, म्हणजे मला लाल गाडीत इंजिनाजवळ बसून गुणाकार करावा लागणार नाही. आणि विद्यार्थ्याला वर्षातून चार-पाच दिवस, कॉलेजचं ओळखपत्र दाखवून, कुठल्याही मार्गावर अर्धं तिकीट द्या. आमच्यातले ते तिघं गाडीत आमची अर्धी तिकिटं बघून जे टोमणे मारतात, ते तरी थांबतील.

उत्तराची वाट बघते. ‘संबंधित कार्यालयाकडे पाठवले आहे’ हे सोडून काहीही चालेल.

आपली,
सहा जणांची खजिनदार, पुणे

ता. क. पत्र लिहून झाल्यावर रिफंड जमा झाला. अकराव्या दिवशी. ५,७०० चे ५,४१२ आले, २८८ रुपये ‘सेवा शुल्क’ म्हणून कापले. कोणती सेवा, हे विचारायचा नंबर असेल तर कळवावा.