ल्युअरचा नुसता रंग बघू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत हौशी मासेमारीवर पानभर लेख आला, घरी बनवलेल्या ल्युअरचे म्हणजे गळ लावलेल्या लाकडी नकली माशांचे मोठे रंगीत फोटो पण आले, बघून बरं वाटलं, कारण आमच्या या उद्योगाबद्दल पेपरात कोण कशाला लिहितंय. पण लेख वाचला आणि खटकलं. सगळा लेख रंगावर! एअरब्रश कुठला, शेड कुठली, परदेशी पेंट केवढ्याला, आणि शेवटी काय तर हा महागडा शौक आहे, आपल्यासारख्यांचं काम नाही. एका फोटोत तर ल्युअर चक्क पोट वर करून ठेवलाय, ते एक वेळ चालेल. पण रंग हेच सगळं आणि खिसा भरलेला पाहिजे ही दोन्ही विधानं काय पटली नाहीत, म्हणून लिहितोय, लांबलं तर कापा.

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जाणं काही नवीन नाही, भाट्याच्या पुलावर नाहीतर मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी कोण ना कोण दोरी टाकून उभा असतोच. पण ते बहुतेक कोळंबी नाहीतर माशाचा तुकडा लावून. लाकडाचा मासा टाकून जिताडा आणि तांबोशी काढणारे आत्ता आत्ता वाढलेत, आणि त्यातले बरेच जण सुरुवातीला तुमच्या लेखात केलीय तीच चूक करतात, दुकानात सगळ्यात चकचकीत दिसेल तो उचलतात. खाडीचं पाणी पावसाळ्यात आणि नंतरही बरेच दिवस असं असतं की कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसत नाहीत. तिथे खवल्यांची ती बारीक नक्षी बघायला मासा येणार कुठून? माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, पार्श्वरेखा म्हणतात तिला, पाण्यातली थरथर त्याला तिथून कळते. अंधारात, गढूळ पाण्यात बारका मासा लंगडत चाललाय हे जिताड्याला आधी अंगाला जाणवतं, डोळ्याला मग.

हे काय मी शोधून काढलेलं नाही. फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचा गरीब मच्छीमार होता, आज ज्याच्या नावाचे ल्युअर जगभर विकले जातात तोच. तो तळ्यात होडी वल्हवताना बघत बसायचा की मोठा मासा बारक्या माशांच्या घोळक्यात घुसतो तेव्हा नेमका कुठला उचलतो, तर जो जरा वेडावाकडा, डुगडुगत पोहतो तो. 1936 साली त्याने चांभाराच्या सुरीने कॉर्क, म्हणजे बाटलीची बुचं करतात ती झाडाची साल, तासून तसं डुगडुगणारं मासं बनवलं. चांदी कसली लावली माहितीये? चॉकलेटच्या वेष्टनाची! आणि वरून वॉर्निशला पैसे नव्हते तर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. आता सांगा, यात महाग काय होतं?

आपल्याकडे तसला कॉर्क सहज मिळत नाही आणि बाल्सा नावाचं हलकं लाकूड छोटी विमानं बनवणाऱ्यांच्या म्हणजे एरोमॉडेलिंगच्या दुकानातून मागवावं लागतं, पण पांगारा आहे ना. कुंपणाला लावतात तोच काटेरी, लाल फुलांचा. सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी ज्या हलक्या लाकडाची करायचे ते हेच. तोडल्या तोडल्या वापरायचं नाही, माळ्यावर चांगलं सुकू द्यायचं आणि मधे मधे कीड लागली नाही ना बघायचं. शिवण पण चालते. सागाचे तुकडे सुताराकडे फुकट मिळतात, मजबूत असतात पण जड, त्यात पोटाला शिसं कमी घालावं लागतं आणि चाल जरा मंद येते, असं माझं मत, काही जण भांडतील यावर.

आकार देणं सोपंय, पटाशी, कानस, पॉलिश पेपर, झालं. खरी गंमत पोटात असते. हेक्सा ब्लेडने पोटाकडून उभी खाच मारायची आणि स्टेनलेस स्टीलची एकच सलग तार नाकापासून शेपटीपर्यंत आत बसवायची, दोरी बांधायचा डोळा आणि गळ अडकवायच्या कड्या सगळं त्या एकाच तारेचं. नुसते स्क्रू फिरवले तर मोठा जिताडा ते लाकडासकट उपटून नेतो. मग पोटाच्या खालच्या बाजूला, मध्यापासून जरा पुढे शिसं, वरून अराल्डाइटमध्ये भुसा कालवून खाच बंद. शिसं कमी पडलं तर ल्युअर कुशीवर लोळतो, जास्त झालं तर सरळसोट ओंडक्यासारखा येतो. (शिसं घरात वितळवू नका बरं का, स्वयंपाकघरात तर अजिबात नाही, वाफ विषारी असते. ब्रिटनमध्ये गरवायची बारीक शिशाची वजनं गिळून हंस मरायला लागले म्हणून 1987 पासून तसल्या वजनांवर बंदी आहे. बाजारात बारके तयार गोळे मिळतात ते दाबून बसवा नाहीतर पितळेचा तुकडा घाला.)

तोंडाखाली जी पारदर्शक जीभ असते ती तुमच्या लेखात फक्त 'प्लास्टिकचा भाग' म्हणून उरकलीय. अहो तोच तर इंजिन आहे! ओढलं की पाणी त्या जिभेवर आदळतं आणि अंग डावी-उजवीकडे हलायला लागतं. जीभ उभी लावली तर ल्युअर वरच्या वर, जोरात डुगडुगत येतो, अंगाच्या रेषेत पुढे काढून लांब ठेवली तर खोल बुडी मारतो. आणि ही जीभ कशाची करायची, तर जुन्या सीडीची. सीडी पॉलिकार्बोनेटची असते, जाडी 1.2 मिमी, बारक्या ल्युअरला अगदी मापात. लग्नाच्या, बारशाच्या सीड्या प्रत्येक घरात पडून आहेत आणि लावायला प्लेअर कोणाकडे राहिला नाहीये. वरचा चकचकीत पापुद्रा चिकटपट्टीने ओढून काढायचा आणि गरम पाण्यात बुडवून कात्रीने हळू कापायचं, गार असताना कापली तर तडकते.

रंग लावायच्या आधी आंघोळ घालायची. म्हणजे लाकूड पाणी पिऊ नये म्हणून सीलर मारून, गळ लावून, टाकीत नाहीतर विहिरीवर हाताने ओढून बघायचं. शेजारचे हसतात, हसू दे. एका बाजूला पळत असेल तर पकडीने नाकाचा डोळा उलट बाजूला केसभर वाकवायचा, केसभरच, जास्त वाकवलं तर तिकडे पळतो. रापाला कंपनी सुद्धा म्हणते की त्यांचा प्रत्येक ल्युअर पाण्याच्या टाकीत हाताने तपासूनच बाहेर पडतो. जो पोहत नाही त्याला कितीही सुंदर रंगवा, तो शोकेसचा मासा.

आता एवढं सगळं बोलून मी पण रात्री बारापर्यंत रंगवत बसतो, हे मान्य. हौस आहे ती. मासा मिळाला तर बरंच, नाही मिळाला तरी रंगवलेला ल्युअर उन्हात फिरवून बघताना जे वाटतं ते वेगळंच. पण त्यालाही परदेशी सामान लागतं हे कोणी सांगितलं? आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यातली पोरं एअरब्रशने पितांबराला जी झाक देतात ती बघा एकदा. कंप्रेसर गणपती गेले की पुढचा सीझन येईपर्यंत नुसता पडून असतो. मी तर शेडिंग तिथेच उभं राहून बघून बघून शिकलो, आणि डोळ्यांची आखणी करणारा माणूस श्वास कसा धरतो ते पण. खवल्यांसाठी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा अंगावर ताणून धरायचा आणि वरून फवारा, जाळी उचलली की खवले तयार. आधी पांढरा हात मात्र मारायलाच पाहिजे, नाहीतर वरचा कुठलाच रंग उठत नाही. चांदीसाठी औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी कापून चिकटवा. डोळ्याला टिकली, ती सुद्धा खड्याची नको, साधी गोल काळी, मागे जरा मोठी पिवळी. घरातून ओरडा बसतो तेवढा सोडला तर खर्च शून्य.

कुठला रंग, असं विचाराल तर बोय माशाचा, कारण खाडीत जिताड्याचं जेवण तेच, पाठ करडी-हिरवट, कूस चांदीची, पोट पांढरं. गढूळ पाण्याला पोपटी. संधिप्रकाशात काळा, कारण खालून वर बघणाऱ्या माशाला आभाळावर फक्त सावली दिसते. लाल रंगाचं मात्र एक लक्षात ठेवा, पाण्यात सगळ्यात आधी लालच विझतो, काही मीटर खाली गेलं की तो काळपट दिसतो, त्यामुळे खोल बुडणाऱ्या ल्युअरवर लाल फुलं काढणाऱ्यांनी ती स्वतःच्या समाधानासाठी काढावीत.

वरचा थर दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीचा, आणि तो सुकेपर्यंत ल्युअर फिरत राहायला पाहिजे नाहीतर ओघळ येतात. त्याला मशीन विकत घ्यायची गरज नाही, बिघडलेल्या मायक्रोवेव्हमधली थाळी फिरवणारी मोटर रिपेअरवाल्याकडे मिळते, मिनिटाला पाच-सहा फेरे, अगदी हवी तेवढी हळू. ती कधी उजवीकडे फिरते कधी डावीकडे, तिच्या मनावर आहे, काही बिघडत नाही. फक्त बऱ्याचदा ती थेट लाईटवर चालते म्हणून वायरिंग येणाऱ्याकडून करून घ्या. आणि हे पावसाळ्यात करू नका. हवेत एवढा ओलावा असतो की थिनरचं लॅकर पांढरट धुरकट होतं आणि इपॉक्सीवर तेलकट साय धरते. पावसात तासकाम करावं आणि कोट दसऱ्यानंतर, आमच्याकडे सगळे असंच करतात.

दुकानातला ल्युअर हजाराच्या आसपास जातो आणि पहिल्याच दिवशी कांदळाच्या मुळात नाहीतर कालवांच्या खडकात अडकून राहिला की माणूस पुन्हा खाडीकडे फिरकत नाही. लाकडाचा तरंगणारा असेल तर दोरी सैल सोडली की बऱ्याचदा आपला आपण वर येतो, आणि नाही आला तरी जातं काय, पांगाऱ्याचा तुकडा आणि कोणाच्या तरी बारशाची सीडी. जीव मात्र तुटतो, रात्री जागून काढलेली असते ना.

अजून एक गोष्ट लेखात यायला हवी होती. जिताडा जन्माला नर येतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे दहा-बारा किलोचा जो मासा उचलून आपण फोटो काढतो ती जवळजवळ नक्की मादीच असते, पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी जाऊन लाखो अंडी घालणारी. कोळंबी लावलेला गळ मासा पोटात घेतो, सोडला तरी जगेल याची खात्री नाही. ल्युअरचे गळ बहुतेक वेळा ओठाला नाहीतर जबड्याच्या कडेला लागतात, त्यामुळे सोडायचा ठरवला तर धड सुटतो. त्यासाठी गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकायचा, मासे थोडे जास्त सुटतात पण तेवढं चालतं. स्वतःच्या बोटात घुसला तरी तसाच सुटतो, डॉक्टरकडे जावं लागत नाही. तीन तोंडांच्या दोन गळांऐवजी मी आता पोटाला आणि शेपटीला एकेकच मोठा गळ लावतो, चालीत थोडा फरक पडतो म्हणून पोटातलं शिसं किंचित वाढवायचं.

पुरवणीत पुन्हा कधी हा विषय घेतलात तर फोटोग्राफरला टाकीजवळ पाठवा, आणि व्हिडिओ काढायला सांगा.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी