कोळीगीतात गायिकेचा चेहरा कोणाच्या हाती?

संपादक महोदय,

नारळी पौर्णिमा जवळ आली की रेवदंडा, मुरूड, हर्णैच्या किनाऱ्यांवर कोळीगीतांच्या व्हिडिओंची धांदल उडते. गाणे जिच्या गळ्यातले, तीच पडद्यावर ओळखू येऊ नये असे करून टाकतात. सावळी गायिका गोरीपान होते आणि दुसऱ्या कडव्यापासून गायबच होते. "लोकांना हेच आवडते" ही निर्मात्यांची सबब आम्हा तंत्रज्ञांना पटत नाही. बिघाड किनाऱ्यावरच झालेला असतो.

भर दुपारी समुद्र पाठीशी ठेवून शॉट लावला की पाण्याच्या चकाकीने ऑटो एक्स्पोजर (कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेला उजेड) फसते आणि चेहरा काळवंडतो. मग एडिटिंगमध्ये तो उजळवतात, वर स्किन स्मूथिंग मारतात. कातडीचा पोत जातो, लुगड्याचा हिरवा रंग विटतो, सोने पितळेसारखे दिसते. चित्रीकरण सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर ठेवा. एक्स्पोजर चेहऱ्यावरून हाताने लावा, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करा आणि चेहऱ्यावर उजेड परतावा म्हणून समोरून चार बाय चार फुटी थर्माकोल धरा. एवढ्याने भागते.

स्लो मोशनमध्ये तर हमखास घोळ होतो. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा (चित्रांचा) असेल आणि शॉट ५० फ्रेमने घ्यायचा असेल, तर गाणे दुप्पट वेगाने वाजवून त्यावर ओठ हलवावे लागतात. हे विसरले की ओठ जुळत नाहीत. स्पीकर ३० मीटर लांब असला तरी आवाज सुमारे ०.०९ सेकंद, म्हणजे दोन फ्रेम उशिरा पोचतो. गायिकेच्या कानात छोटा इअरफोन द्यावा. नाहीतर घाईतला एडिटर तिचे क्लोजअप टाकून देतो आणि जागा ड्रोन शॉट व मॉडेलनी भरतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ बी आले. कलाकाराला श्रेय मिळण्याचा आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधक अशी कलेची मोडतोड रोखण्याचा हक्क त्यात आहे. पण लांबीत बसवण्यासाठी किंवा निव्वळ तांत्रिक कारणासाठी केलेली काटछाट त्यात बाधक धरत नाहीत. म्हणजे शॉट कापले गेले तर कायद्याचा आधार फार तोकडा. जे हवे ते करारातच लिहून घ्यावे लागते: वेशभूषा आणि मेकअप गायिकेच्या संमतीने, ग्रेडिंगनंतर (रंग जुळवल्यावर) पाहायला ४८ तास, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, किमान निम्म्या कडव्यांत तिचा चेहरा, थंबनेल तिला दाखवूनच. एआयने चेहरा किंवा आवाज बदलायला स्वतंत्र लेखी परवानगी. "कायमस्वरूपी, जगभर" हे शब्द दिसले की सही थांबवावी. हक्कांच्या हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षेच धरली जाते. एखादे चांगले गाणे निर्मात्याला हातचे घालवायचे नसते, तेव्हा यातले बरेचसे तो मान्य करतो, पण हे बोलणे ॲडव्हान्स घेण्याआधीच व्हायला हवे.

— कोळीगीत-व्हिडिओंचे काही छायाचित्रणकार व संकलक, अलिबाग