मंत्रीसाहेब, डोंगरातल्या विमानतळाचा अभ्यास पावसाळ्यातही होऊ द्या

माननीय केंद्रीय पर्यावरणमंत्री साहेब,
नमस्कार.

नागपुरातून लिहितोय. हिमाचलच्या विमानतळाशी नागपूरवाल्याचं काय घेणंदेणं असं वाटेल, पण मे महिन्यात इथं पारा 45 च्या वर गेला की शिमला-मनालीचं बुकिंग करणारे आम्हीच ना, आणि मंडीजवळ बल्हच्या खोऱ्यात जो मोठा विमानतळ करायचं चाललंय तो आमच्यासारख्या टुरिस्टच्याच नावानं. शिमला, भुंतर, गग्गल तिन्हीकडचे रनवे तोकडे, मोठं विमान उतरत नाही, ही अडचण खरी आहे, नाही कोण म्हणतंय.

माझं म्हणणं एवढंच की पर्यावरण अहवाल नीट होऊ द्या. आपल्याकडे 2006 च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याची तपासणी) नोटिफिकेशनखाली जे अहवाल होतात त्यात हवा-पाणी-मातीची मोजणी बहुतेक वेळा एकाच सीझनची असते आणि तोही पावसाळा सोडून! सपाट प्रदेशात एकवेळ चालेल, पण हिमाचलात जे काही कोसळतं ते पावसाळ्यातच कोसळतं ना. 2023 मध्ये बियास नदीच्या पुरानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं, 2025 मध्ये याच मंडी जिल्ह्यात थुनागकडे ढगफुटीनं घरंच्या घरं वाहून गेली. मग जानेवारीत सुकेती खड्डचं (खड्ड म्हणजे तिकडचा ओढा) पाणी मोजून काय कळणार? बल्हचं पाणी या सुकेतीतूनच बियासला जातं, तिथं लांबलचक रनवेचा भराव टाकला तर पाणी कुठून वाट काढेल, शेजारच्या गावात किती चढेल, हे जुलै-ऑगस्टमध्ये उभं राहूनच बघावं लागेल. त्यात हा भूकंपाचा पट्टा, 1905 चा कांगड्याचा भूकंप इथलाच.

आणि डोंगरात सपाट जागा म्हणजे शेतकऱ्याचं वावर. बल्हमध्ये टोमॅटो, भाजीपाला निघतो, अशी जमीन त्या जिल्ह्यात दुसरीकडे कुठे आहे? सपाट जागा घ्यायची नसेल तर मग सिक्कीमच्या पाक्योंग विमानतळासारखं डोंगर कापून जवळपास 80 मीटर उंच भिंत बांधायची, आणि तिथं 2018 ला उद्घाटन होऊन 2019 मध्ये फ्लाइट बंदही पडल्या, कारण धुकं आणि खराब हवामान. म्हणून जागा आधी ठरवून अहवाल मागून करायचा असं नको, पर्यायी जागा आणि जुनाच रनवे वाढवणं, सगळं एकत्र तपासा.

अहवालामुळे विकास अडतो असं लोक म्हणून राहिले, ते मला पटत नाही. आमच्या पेंचच्या जंगलातून जाणारा एनएच-44 बघा, वर्षानुवर्षं वाद झाला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, पण शेवटी महाराष्ट्राच्या भागात प्राण्यांसाठी 9 मार्ग झाले, एक तर 750 मीटरचा, आणि कॅमेऱ्यात वाघासकट 18 जातींचे प्राणी खालून जाताना दिसले. वरून ट्रक जातात, खालून वाघ. गोव्याच्या मोपा विमानतळाला सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये अहवालातल्या त्रुटींमुळेच थांबवलं होतं, पुढच्या वर्षी परवानगी दिली तेव्हा अटी पाळल्या जातात का हे बघायला आमच्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला नेमलं. विमानतळ झालाच ना.

तेव्हा साहेब, बल्हची फाइल तुमच्या टेबलावर येईल तेव्हा पहिल्यांदा एवढंच बघा की त्यात पूर्ण एका पावसाळ्याची मोजणी आहे का, आणि जनसुनावणीच्या आधी अहवाल तिथल्या शेतकऱ्यांना हिंदीत वाचायला मिळाला का. नसेल तर परत पाठवा.

आपला,
एक नागपूरकर