वरच्या वाऱ्यांचीही दखल हवी

महोदय,

अवकाशयानांच्या बातम्या आपण आवर्जून छापता. मात्र सुमारे ६० ते १०० किलोमीटर उंचीच्या पट्ट्याविषयी, जिथे हवामानाचे फुगे पोहोचत नाहीत आणि विरळ असूनही हवेचा अडथळा उपग्रहांना टिकू देत नाही, क्वचितच काही वाचायला मिळते. तिथले वारे सातत्याने मोजण्याचे प्रमुख साधन रडार हे आहे. सुमारे ५० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ६ मीटर लांबीच्या रेडिओ लहरी वर सोडल्या की हवेच्या खळबळीतून निर्माण झालेल्या ३ मीटरच्या, म्हणजे बरोबर निम्म्या मापाच्या, चढउतारांवरून अत्यंत क्षीण प्रतिध्वनी परततो. त्याला लागलेल्या वेळेवरून थराची उंची, तर निरनिराळ्या दिशांना तिरक्या सोडलेल्या झोतांतील डॉप्लर बदलावरून, म्हणजे वाहत्या हवेमुळे प्रतिध्वनीच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, वाऱ्याचा वेग व दिशा कळते. पेरूतील हिकामार्का वेधशाळेतून हे शक्य असल्याचे रोनाल्ड वुडमन आणि आल्बेर्तो गियेन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले. (वाऱ्याबरोबर वाहत जाणाऱ्या उल्कांच्या आयनीभूत (विद्युतभारित) रेषाही रडारला उपयोगी पडतात.)

अग्निबाणातून काही मिनिटांची नोंद मिळते, रडार मात्र ऋतूंमागून ऋतू पाहत राहते. त्यामुळे चालू रडारांच्या देखभालीचा खर्च नव्या उपकरणांच्या खरेदीइतकाच आवश्यक मानला जावा, असे मला वाटते.

– एक वाचक