फोटोत फक्त पिशव्या दाखवा

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार,

नाताळ जवळ आला की सगळ्याच पेपरांत गरिबांना मदत वाटल्याचा एक फोटो हमखास येतो. पाच-सहा जण एकाच पिशवीला हात लावून कॅमेऱ्याकडे बघून हसतायत आणि जिला ती पिशवी मिळालीय ती बाई मात्र खाली बघतेय. मी ख्रिस्ती आहे, वसईचा आहे, आणि असल्या फोटोंत मी स्वतः पण उभा राहिलोय, त्यामुळे दुसऱ्यांवर बोट दाखवायला हे पत्र लिहीत नाहीये, आधीच सांगून टाकतो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही काही जणांनी मिळून रेशन वाटलं. तांदूळ, डाळ, तेल, साबण. आमच्याच आळीतल्या एका म्हातारीला पिशवी देताना मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले इमोजी वगैरे, लोकांनी पण धडाधड अंगठे दिले आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा दारात. रिक्षा चालवायचा तो, तेव्हा घरीच बसून होता. म्हणाला, अंकल, तांदळाचे किती झाले ते सांगा, मी देतो हळूहळू, पण तो फोटो काढून टाका, माझ्या बायकोच्या माहेरी पण पोचलाय. मी लगेच डिलीट केला पण फॉरवर्ड झालेला फोटो कुठे परत येतो का. पुढच्या महिन्यात म्हातारी पिशवी घ्यायला आलीच नाही, आणि त्यांच्या घरात काय शिजत होतं ते विचारायचं तोंड मला नव्हतं.

आमच्याकडे पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात आहे तो प्रसंग, येशू जेवणावरून उठतो, अंगावरचा झगा काढून ठेवतो, कमरेला टॉवेल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुतो. तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवरून चपलांत चालून आलेले पाय ते, हे काम घरातल्या गुलामाचं. आणि ज्याने थोड्याच वेळात उठून त्याला पकडून दिलं तो यहूदा पण त्याच जेवणाला होता, त्याला वगळून पाय धुतले असं कुठेच लिहिलेलं नाही.

एका वर्षी त्या बारांत माझा नंबर लागला. मी घरून साबणाने घासून, नखं कापून, टाचा दगडाने घासून गेलो, म्हणजे धुवायला न्यायचे पाय आधीच धुऊन नेले, बायको हसत होती. पण तिथे बसलो आणि सत्तरी पार केलेले फादर एक हात खुर्चीला धरून माझ्यासमोर गुडघ्यावर आले तेव्हा मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी पाय मागेच घेतला. येशूच्या शिष्याने, पेत्राने पण तेच केलं होतं ना, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीत म्हणाला. इतकी वर्षं मी समजत होतो की कठीण काम वाकणाऱ्याचं. बसून घेणाऱ्याचं किती कठीण असतं ते त्या दिवशी कळलं, आणि मला तर फक्त दोन मिनिटं बसायचं होतं, ते पण सगळ्यांच्या कौतुकाच्या नजरेत. म्हातारीचं काय झालं असेल.

आमच्यातल्याच सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेची पद्धत बघा. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम नावाच्या वीस वर्षांच्या पोराने कॉलेजच्या मित्रांबरोबर ती सुरू केली, जळणाची लाकडं घेऊन गरिबाच्या घरी जायचे. अजून पण नियम तोच, दोघांनी मिळून घरी जायचं, बसायचं, बोलायचं, आणि कुठल्या घरी गेलो ते बाहेर बोलायचं नाही. मीटिंगमध्ये पैसे गोळा करायला एक पिशवी फिरते, त्यात कोणी किती टाकले ते शेजारच्याला पण दिसत नाही. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये असं मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे ते हेच. आमच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात मोबाईल, मग डाव्याला कळणारच.

कोणी म्हणेल पोपचे पण फोटो येतात की. येतात. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस रोमच्या कासाल देल मार्मो या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले, तिथल्या बारा मुलामुलींचे पाय धुतले, त्यात मुस्लिम पण होते. पण त्या फोटोत वाकलेले पोप आहेत साहेब. आमच्या फोटोत मान खाली कोणाची असते?

दुसरी अडचण खरी आहे, पैसे देणारे पुरावा मागतात. मागू देत, त्यांचा हक्क आहे. त्यांना दुकानाचं बिल पाठवा, टेम्पोत भरलेल्या गोण्यांचा फोटो पाठवा, किती घरांना दिलं तो आकडा पाठवा. चेहरा कशाला लागतो?

तुम्हाला एवढीच विनंती की येत्या नाताळात वाटपाची बातमी जरूर छापा, संस्थेचं नाव पण छापा, पण फोटो गोण्यांचाच घ्या. आमच्या ग्रुपवाल्यांना मी सांगितलंय, दोघे जण नाराज झालेत, एकाने तर बॅनरची ऑर्डर पण देऊन ठेवली होती.

आपला,
एक वाचक, वसई