खोडरबर देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

प्रबंध गेल्या मंगळवारी जमा केला. ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे उघड पत्र. (इथेही घालत नाही, काळजी नसावी.)

वाचनालयाच्या लांब टेबलावर तुम्ही पेपर वाचत होतात आणि मी समोर बसून डोळे पुसत होते. दुसरं प्रकरण मार्गदर्शकांकडून तिसऱ्यांदा परत आलं होतं. समासात लाल शाईनं एकच शब्द: 'मोघम'. कुठे मोघम, विचारलं तर उत्तर, "अजून वाच." त्याआधी दीड हजार भरून संशोधनलेखनाची कार्यशाळाही झाली होती. तिथे प्रमाणपत्र मिळालं. जेवण बरं होतं.

तुम्ही कागद ओढून घेतलेत. पहिलं वाक्य, 'पृथ्वीचा 71 टक्के पृष्ठभाग पाण्याने व्यापलेला आहे.' दुसरं, 'माण तालुक्यात वारंवार दुष्काळ पडतो.' चष्म्यावरून बघत म्हणालात, "अगं, पृथ्वीवरून निघालीस ती थेट दहिवडीलाच उतरलीस? मध्ये एसटी कुठे थांबलीच नाही?" मग थांबे माझ्याकडूनच वदवून घेतलेत. मोसमी वारे, सह्याद्री, त्याच्या पूर्वेचा पर्जन्यछायेचा पट्टा, महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा सातारा जिल्हा, आणि त्याच जिल्ह्यात त्याच्या दहाव्या हिश्शालाही महाग असलेला माझा तालुका.

व्याख्येवर मात्र अख्खी दुपार गेली. 'दुष्काळ म्हणजे जेव्हा पाण्याची टंचाई होते.' 'म्हणजे'च्या मागे 'जेव्हा' आलं की व्याख्या गोष्ट सांगायला लागते, असं तुमचं म्हणणं. शिवाय टंचाई मे महिन्यात पुण्याच्या सोसायटीतही असते, टँकर येतो. तो दुष्काळ का? ही अतिव्याप्ती. बरं, 'पाऊस न पडणे' म्हणू? पाऊस पडला, पण नेमका ज्वारीच्या पेरणीला दगा देऊन गेला, तर? ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी म्हटलं तर म्हैस आत येते, तांबडी म्हटलं तर अर्धा गोठा बाहेर जातो. "आधी जात सांग, मग वेगळेपण," असं म्हणालात तेव्हा शेजारचे आजोबा 'जात' ऐकून दचकले होते, आठवतं?

हवामानशास्त्राचा दुष्काळ पाऊस सरासरीपेक्षा 25 टक्क्यांहून जास्त घटला की सुरू होतो, महसूल खात्याचा, जुन्या पद्धतीत, पैसेवारी (नेहमीच्या पिकाचा रुपया धरला तर यंदा किती पैसे पिकलं, तो अंदाज) 50 पैशांखाली गेली की सुरू व्हायचा. मी दोन्ही एका वाक्यात कोंबले होते. पैसेवारी निवडली ती मी. 'या प्रबंधापुरता' हे दोन शब्द तुमचे.

पण बाई, मनात राहिलंय ते वेगळंच. तुम्ही सगळं पेन्सिलीनं लिहिलंत, अगदी फिकट. आणि उठताना खोडरबर माझ्याकडे सरकवलात. "पटलं नाही तर खोड." इतकी वर्षं शिकतेय, पण माझ्या कागदावरचं दुसऱ्याचं अक्षर खोडायची मुभा मला कुणी दिली नव्हती. तुमच्यासारखी माणसं कुठल्याच समितीवर का नसतात, कोण जाणे. वाचनालयात, पंख्याखालची जागा धरून बसलेली सापडतात, तीही नशीब असेल तर.

एकच खुणेची ओळ खोडली, तीही चुकून. खोडरबर माझ्याकडेच राहिलाय. सोमवारी घेऊन येते.

तुमची,
माणची मुलगी