विषमतेचा आकडा नेमका कशाचा?

महोदय,

आर्थिक-सामाजिक विषमतेवरील पुस्तकांच्या परीक्षणांत एक गोष्ट हमखास सुटते. पुस्तकातला आकडा खर्चाचा, उत्पन्नाचा की संपत्तीचा, हे सांगितलेच जात नाही. मग एकाच देशाबद्दल दोन पुस्तके दोन टोकांचे बोलतात आणि वाचक गोंधळतो.

ताजे उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने २५.५ या गिनी निर्देशांकाच्या आधारे भारत समानतेत जगात चौथा असल्याचे जाहीर केले (० म्हणजे पूर्ण समानता, १०० म्हणजे सगळे एकाच्याच हाती). हा निर्देशांक २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीचा, म्हणजे खर्चातील तफावतीचा आहे. जागतिक बँकेच्या ज्या टिपणातून तो घेतला, त्यातच उत्पन्नाचा गिनी ६२ असल्याचाही उल्लेख आहे. यात गूढ काही नाही. महिना २० हजार कमावणारे घर १८ हजार खर्चते, २ लाख कमावणारे समजा ८० हजार. उत्पन्नातली दहापट दरी खर्चात साडेचार पटींवर येते. उरलेल्या १ लाख २० हजारांची जमीन, सोने, शेअर होतात, ते खर्चाच्या पाहणीत दिसत नाहीत. शिवाय अतिश्रीमंत घरे अशा पाहणीच्या हाती क्वचितच लागतात. २०२२-२३ मध्ये घरटी एकाऐवजी तीन भेटी दिल्या गेल्या, त्यामुळे २०११-१२ शी थेट तुलनाही चालत नाही.

उत्पन्नाच्या बाजूने लिहिणाऱ्या पुस्तकांचीही अशीच तपासणी व्हावी. त्यांची भिस्त प्राप्तिकराच्या तक्त्यांवर असते. हे तक्ते २००० च्या सुमारास बंद पडले, ते २०१६ मध्ये पुन्हा प्रसिद्ध होऊ लागले. मधला काळ अंदाजाने भरलेला आहे. शेतीचे उत्पन्न तर करमुक्तच.

सर्वांत मोठी फट मात्र घराच्या आत आहे. पाहणीत घराचा एकूण खर्च माणसांच्या संख्येने भागतात. पाच जणांच्या घरात २० हजार खर्च झाले, की प्रत्येकाच्या नावावर ४ हजार. सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवणारी सूनही ४ हजारांचीच आणि मोटारसायकलवर फिरणारा मुलगाही तेवढ्याचाच. स्त्री-पुरुष विषमता या भागाकारात पुसली जाते. एवढ्याच आकड्यांवर स्त्रियांच्या स्थितीबद्दल निष्कर्ष काढणारे पुस्तक बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जातीचेही तसेच. त्याच पाहणीत ग्रामीण भागातला दरमहा दरडोई खर्च अनुसूचित जमातींचा ३,०१६ रुपये, अनुसूचित जातींचा ३,४७४, इतर मागासवर्गीयांचा ३,८४८ आणि उरलेल्यांचा ४,३९२ रुपये होता. पण या चार ढोबळ गटांपलीकडे जातवार तपशील मिळत नाही आणि सर्व जातींची मोजणी प्रसिद्ध करणारी शेवटची जनगणना १९३१ ची. तरीही जातीला शेवटी एखादे प्रकरण देऊन मोकळी होणारी पुस्तके बरीच आहेत.

प्रकाशकांना विनंती, की अनुवाद करताना मूळ पुस्तकाची परिशिष्टे पाने वाचवण्यासाठी गाळू नयेत. आकड्यांचा उगम तिथेच असतो. परीक्षणाच्या चौकटीत किंमत आणि पृष्ठसंख्या छापतोच, तिथे आणखी एक ओळ घालावी : मोजले काय, वर्ष कोणते, एकक घर की व्यक्ती आणि आकडे कुठून घेतले.

– अर्थशास्त्राच्या एक शिक्षिका, सातारा